एकाक्ष निरीक्षणाचा ऱ्हास आणि पडद्याचा उदय

पक्षिनिरीक्षण हा मराठी मध्यमवर्गाने गेल्या काही दशकांत अंगीकारलेला असा एक छंद आहे, की ज्यात पहाटे चारला उठून, शंभर किलोमीटर गाडी हाकून, चिखलाच्या काठावर उभे राहून, आपल्याकडे पाठ करून बसलेल्या एखाद्या जीवाकडे तासन्‌तास पाहत राहणे याला विश्रांती असे नाव आहे. या विश्रांतीची मुख्य साधने दोन, हातात धरायची दुर्बीण आणि तिपाईवर चढवायचा स्पॉटिंग स्कोप, आणि या दोहोंतील फरक केवळ भिंगांचा नसून समाजरचनेचाही आहे. दुर्बीण ज्याची त्याची असते, ती गळ्यात असते, आणि कोणी मागितलीच तर पट्टा गळ्यातून काढून द्यावा की पट्ट्यासकट मागणाऱ्यालाच जवळ ओढून घ्यावे, अशा विवंचनेत तिचा मालक पडतो. स्कोप मात्र महाग, जड आणि बहुधा अख्ख्या गटात एकच असल्यामुळे त्याच्यामागे आपोआप रांग लागते, आणि रांग लागली की तिचे नियम, अपवाद आणि तक्रारीही निर्माण होतात.

स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण. हातातली दुर्बीण समोरची वस्तू आठ किंवा दहा पट मोठी दाखवते, तर स्कोप साधारणतः २० पासून ६० पटींपर्यंत. त्याच्या पुढच्या टोकाला असलेले वस्तुभिंग, म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा करणारे भिंग, बहुधा ६० ते ८५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि मागच्या टोकाच्या नेत्रभिंगाला डोळा लावायचा असतो. या नेत्रभिंगातून प्रकाश एका बारीक शलाकेच्या रूपाने बाहेर पडतो आणि तिची जाडी काढण्याचे गणित शाळकरी आहे: वस्तुभिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीने भागायचे. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटींवर ठेवला तर शलाका ४ मिलिमीटरची, आणि उत्साहाच्या भरात ६० पटींवर नेला तर जेमतेम १.३ मिलिमीटरची. एवढ्या धाग्यात डोळ्याची बाहुली नेमकी आणून, श्वास रोखून, तिपाईला धक्का न लावता, दुसरा डोळा मिटून उभे राहणे, ही क्रिया योगासनांच्या तक्त्यात अद्याप समाविष्ट झालेली नाही, याचे कारण ती शांतपणे करणारा मनुष्य कोणी पाहिलेला नाही, हे असावे. वय वाढले की डोळ्यातल्या द्रवात सूक्ष्म तंतू तरंगू लागतात आणि शलाका जितकी बारीक तितके ते ठळक दिसतात. त्यामुळे ज्येष्ठ निरीक्षकांनी फार उंचावर म्हणून जाहीर केलेल्या गरुडांपैकी काही गरुड त्यांच्या डोळ्याबाहेर कधी गेलेलेच नसतात.

एकच डोळा मिटणे ही कलाही सर्वांना साधत नाही. काहींचा डावा डोळा मिटतो, उजवा मिटत नाही. काही जण दोन्ही डोळे सारख्याच प्रामाणिकपणे मिटतात आणि तरीही "हो, हो, दिसला" असे म्हणतात, कारण मागे सात माणसे उभी असताना "दिसला नाही" म्हणणे हे असामाजिक वर्तन समजले जाते. चष्मेवाल्यांची अडचण आणखी वेगळी, चष्मा ठेवला तर डोळा भिंगापासून दूर राहून दृश्याच्या कडा कापल्या जातात आणि काढला तर तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न उभा राहतो, ज्याचे उत्तर पुढे कोणाच्या तरी बुटाखाली सापडते. या सर्व व्यवस्थेतील सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द "गेला" हा होय. तो नेहमी रांगेतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या माणसाकडून ऐकू येतो, कारण पहिल्याने नीट पाहिलेले असते आणि जाता जाता त्याच्या खांद्याचा नळीला धक्का लागलेला असतो. खरे तर पक्षी तिथेच असतो. २० पटींवर एक किलोमीटर दूरच्या प्रदेशातला जेमतेम तीस-पस्तीस मीटर रुंदीचा तुकडा स्कोपमध्ये मावतो, त्यामुळे नळी केसभर हलली की पक्षी न उडताच अंतर्धान पावतो.

अशा या एकाक्ष परंपरेला पहिला सुरुंग लागला तो १९९९ साली, आणि तोही सहज. मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी आपला छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या नेत्रभिंगाला लावून पाहिला आणि निघालेले चित्र अपेक्षेपेक्षा कितीतरी स्पष्ट आले, अशी या तंत्राची जन्मकथा सांगितली जाते. त्याच वर्षी आलँ फोसे या फ्रेंच पक्षिनिरीक्षकाने त्याला डिजिस्कोपिंग हे नाव दिले. तंत्रामागचे शास्त्र गहन नाही. नेत्रभिंगातून बाहेर पडणारे किरण एकमेकांना समांतर असतात, म्हणजे ते फार दुरून आल्यासारखे वाटतात आणि निवांत डोळ्याला जोर न लावता दिसतात. कॅमेराही अनंत अंतरावर नजर लावून बसला की त्याला असेच समांतर किरण हवे असतात, म्हणून डोळा काढून त्या जागी कॅमेरा ठेवला तरी स्कोपला त्याचा पत्ता लागत नाही. पुढे कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली. साधारण २६ मिलिमीटरच्या भिंगाइतका विस्तार दाखवणारा फोनचा मुख्य कॅमेरा २० पटींच्या स्कोपमागे उभा केला की तो ५२० मिलिमीटरच्या लेन्सचे काम करू लागतो, आणि ज्या लेन्ससाठी गृहकर्जाच्या धर्तीवर विचार करावा लागतो ती नुसत्या एका चिमट्यावर मिळाल्याचे समाधान मालकाला लाभते, अर्थात मूळच्या स्कोपची किंमत तो त्या वेळी विसरलेला असतो.

हा चिमटा म्हणजे अ‍ॅडॅप्टर, फोनला नेत्रभिंगाशी घट्ट आणि समकेंद्री धरून ठेवणारी जोडणी. ती विकत मिळते. पण महाराष्ट्रात ती पीव्हीसी पाइपचा तुकडा, औषधाच्या बाटलीचे झाकण, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि मुलांच्या प्रकल्पातून उरलेला पुठ्ठा यांपासूनही तयार होते, आणि घरी केलेल्या जोडणीचा कर्ता तिच्याविषयी पक्ष्यापेक्षा जास्त बोलतो. विकतची असो वा घरची, ती बसवताना फोनच्या पडद्यावर प्रथम दिसतो तो संपूर्ण काळोख, मग एका बाजूला प्रकाशाची कोर, मग ती कोर दुसऱ्या बाजूला, आणि शुक्लपक्ष-कृष्णपक्षाच्या अशा काही आवर्तनांनंतर काळ्या चौकटीच्या मध्यभागी एक उजळ वर्तुळ. हे वर्तुळ म्हणजे दोष नव्हे. फोनचा कॅमेरा स्कोप दाखवू शकतो त्यापेक्षा रुंद प्रदेश पाहत असतो, त्यामुळे त्याला स्कोपच्या नळीची आतली भिंतही दिसते, आणि चित्र पडद्यावर दुप्पट मोठे केले की ती भिंत पडद्याबाहेर जाते. अलीकडच्या फोनांना तीन-तीन कॅमेरे असल्याने मात्र वेगळाच पेच निर्माण झालेला आहे: आपण नळीला लावला तो कॅमेरा आणि फोनच्या मते या प्रसंगी योग्य असलेला कॅमेरा हे एकच असतील अशी खात्री देता येत नाही, आणि पक्षी मान वर करतो त्या क्षणी फोन स्वतःच्या बुद्धीने शेजारच्या कॅमेऱ्यावर उडी घेऊन नेत्रभिंगाच्या रबराचे अतिशय तपशीलवार दर्शन घडवतो.

या तंत्राचे सामाजिक परिणाम पाहायचे असल्यास हिवाळ्यातील रविवारी भिगवण परिसरात जावे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने इंदापूर तालुक्यातील कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या शिवारापर्यंत उथळ पाणी व चिखल आणून ठेवला. त्या चिखलावर रोहित पक्षी, चित्रबलाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब आणि त्यांच्या मागोमाग पुणे ओलांडून येणारे पक्षिनिरीक्षक असे सर्वच हंगामी प्राणी उतरतात. स्थानिक मच्छीमार आता वाटाडेही झाले आहेत आणि त्यांतील अनेकांची नजर कोणत्याही भिंगाहून तीक्ष्ण आहे, ही गोष्ट शहरातून आलेल्या भिंगधारकांना दिवसभर छळत राहते. होडीत स्कोपचा उपयोग नाही, कारण तिपाई कितीही भक्कम असली तरी पाणी भक्कम नसते. तरीही दर हंगामात कोणी ना कोणी ती होडीत उभी करतो, आणि नावाडी दादा एक शब्दही न बोलता वल्हे बाजूला ठेवून प्रयोग संपण्याची वाट पाहतात. स्कोपचे खरे राज्य काठावर. तिथे एकदा फोन नेत्रभिंगावर चढला आणि पडदा उजळला की रांग मोडते आणि तिच्या जागी घोळका तयार होतो. ज्यांना आजवर एकामागून एक आणि एका डोळ्याने पाहावे लागत होते ते सगळे एकाच वेळी, दोन्ही डोळ्यांनी आणि मुख्य म्हणजे बोलत बोलत पाहू लागतात.

घोळक्यात पक्षी दाखवण्याची पद्धतही बदलते. पूर्वी "ते वाळकं झाड दिसतंय का, त्याच्या डावीकडे दुसरं वाळकं झाड, त्याच्या खाली जो दगड आहे तो दगड नाही" अशा वाक्यांनी दिशा सांगावी लागे. आता पडद्यावर बोट ठेवता येते. पण स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर बोट ठेवणे म्हणजे आज्ञा देणे. कोणी "सर, हा बघा" म्हणून बोट टेकवले की (या क्षेत्रात वय, शिक्षण, हुद्दा यांचा विचार न करता प्रत्येक पुरुषाला सर आणि प्रत्येक स्त्रीला मॅडम म्हणतात) फोन आज्ञाधारकपणे त्या बोटाखालच्या गवतावर नजर रोखतो, पक्षी धूसर होतो, उजेड एकदम वाढतो किंवा घटतो, आणि बोटाच्या धक्क्याने सगळे पाणथळ भूकंप झाल्यासारखे हलते. म्हणून जाणकार लोक पडद्याला हात न लावता इअरफोनच्या वायरीवरच्या आवाजाच्या बटणाने किंवा सेल्फी-दांडीबरोबर मिळणाऱ्या छोट्या रिमोटने छायाचित्र काढतात, आणि अजाणते लोक त्याच वेळी शेजारून बोट घालतात.

ऊन हा पडद्याचा मोठा शत्रू आहे. ४५ अंशांत वाकलेले नेत्रभिंग असलेल्या स्कोपवर फोन चढवला की पडदा आकाशाकडे तोंड करून राहतो, आणि सकाळी नऊनंतर त्यात पक्ष्यापेक्षा पाहणाऱ्याचे नाक जास्त स्पष्ट दिसते. त्यावर उपाय म्हणून काळी छत्री, ओढणी, गाडीच्या काचेचा पडदा, क्वचित रेनकोट अशी साधने योजली जातात, आणि शेवटी एक मनुष्य डोक्यावर काळे कापड घेऊन तिपाईशी वाकतो, म्हणजे छायाचित्रकलेने शंभर वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने मागे टाकलेली अवस्था पुन्हा प्राप्त होते. कापडाखाली फोन तापतो. बहुतेक फोन ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. पूर्ण उजेडातला पडदा, सतत चालू असलेले चित्रीकरण आणि वरून सूर्य अशा तिहेरी माऱ्यात फोन आधी पडदा मंद करतो, मग तब्येतीची सूचना झळकवतो आणि अखेरीस झोपी जातो. मग ओला रुमाल, पॉवर बँक आणि सल्ले यांचा पुरवठा सुरू होतो. फोन विमान-अवस्थेत ठेवावा, म्हणजे येणारे फोन थांबतील, हा सल्ला सर्वजण देतात आणि "घरून काही निरोप आला तर?" म्हणून कोणीही पाळत नाही, परिणामी बगळा मान मागे घेऊन मासा टिपणार त्याच क्षणी पडद्यावर वैयक्तिक कर्ज मंजूर झाल्याची वार्ता येते, थरथराटाने नळी हलते, आणि बगळ्याने मासा पकडला की नाही हे बगळ्यालाच ठाऊक राहते. चित्रीकरण चालू असताना जागा संपल्याची सूचना येणे हे तर नित्याचे. अशा वेळी शुभ सकाळच्या गुलाबांनी आणि भाच्याच्या हळदीच्या चित्रफितींनी भरलेल्या फोनातून काय पुसायचे याचा निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो, आणि तो कौटुंबिक दृष्ट्या नेहमीच शहाणपणाचा ठरतो असे नाही.

एवढे सगळे सोसूनही पडद्याने जे दिले ते नाकारता येत नाही. किनाऱ्यावरच्या काही पक्ष्यांच्या पायात संशोधक रंगीत पट्ट्या किंवा अक्षरे कोरलेली कडी अडकवतात, जेणेकरून तो पक्षी पुढे कुठे दिसला हे कळून त्याच्या प्रवासाचा माग लागावा. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकदंब भारतात दिसल्याच्या नोंदी याच मार्गाने मिळाल्या आहेत, आणि १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम भारतात दीर्घकाळ करीत आलेली आहे. लांबवरच्या, चालत्या, चिखलाळलेल्या पायावरचे अक्षर एका डोळ्याने वाचणे कठीण. पडद्यावर मात्र चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते, मोठी करता येते, आणि दहा जणांना वाचता येते. अर्थात दहा जण वाचतात म्हणजे दहा वाचने होतात. एकाला ते एच दिसते, दुसऱ्याला एन, तिसरा ते आठ असल्याचे ठामपणे सांगतो, आणि या क्षेत्रात नव्याने आलेला कोणी ते अक्षर नसून चिखल आहे असे सुचवतो, जे बहुधा बरोबर असते आणि म्हणूनच कोणाला आवडत नाही.

जुन्या पंथाचे लोक मात्र पडद्यावर पाहिलेल्या पक्ष्याला पाहिलेला पक्षी मानायला तयार नाहीत. पक्षिनिरीक्षकांच्या बोलीत आयुष्यात प्रथमच दिसलेल्या जातीला लायफर म्हणतात, आणि फोनच्या पडद्यावर दिसलेला पक्षी लायफर म्हणून यादीत लिहावा काय, हा प्रश्न एवढा नाजूक आहे की १६१२ साली निर्णयसिंधू लिहिणाऱ्या कमलाकरभट्टांसारख्या अधिकारी पुरुषाशिवाय तो सुटणे अवघड आहे. पूर्वपक्ष असा, की स्कोपमधून येतो तो पक्ष्याच्या अंगावरून परतलेला साक्षात प्रकाश, तर पडदा दाखवतो ते त्याचे विजेत रूपांतर होऊन पुन्हा घडवलेले चित्र. तेव्हा हे दर्शन नसून वार्ता आहे. उत्तरपक्ष म्हणतो, ग्रहण परातीतल्या पाण्यात पाहिले तरी ते पाहिलेच धरतात, मग रोहितानेच काय घोडे मारले? तडजोडीचा मार्ग म्हणून पुष्कळ जण पक्षी पडद्यावर मनसोक्त पाहतात आणि मग फोन क्षणभर बाजूला करून, विधी म्हणून, नेत्रभिंगाला एकदा डोळा लावून घेतात.

पूर्वपक्ष पोकळ नाही. चकाकते पाणी आणि त्यावरचा काळपट पक्षी यांच्यातला उजेड-अंधाराचा फरक डोळा जितका सहज पेलतो तितका फोनचा कॅमेरा पेलत नाही. शिवाय फोन चित्र जसेच्या तसे दाखवत नसून ते सुशोभित करतो, पिसांची बारीक नक्षी गुळगुळीत करतो आणि जिथे कडा नसेल तिथे ती रेखून देतो, म्हणजे वधूवर सूचक मंडळात द्यायच्या छायाचित्राचे संस्कार तो चिखलातल्या पाखरावरही करतो. लिटल स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट हे चिमणीएवढे चिखलपक्षी वेगळे ओळखण्याची एक खूण म्हणजे पायांचा रंग, पहिल्याचे काळे आणि दुसऱ्याचे पिवळसर; फोनने रंग आपल्या आवडीप्रमाणे उजळले की ही खूण डळमळते, आणि पायांना चिखल लागला असेल तर, फोनला उगाच दोष नको, ती मुळातच नाहीशी झालेली असते. ६० पटींचा मोहही पडद्याने वाढवला. २० वरून ६० पटींवर गेले की चित्राचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो आणि चिखलावरून उठणाऱ्या गरम हवेच्या लहरीही तेवढ्याच मोठ्या होतात, त्यामुळे दुपारकडे पडद्यावरचे पक्षी मंद आचेवर ठेवल्यासारखे थरथरू लागतात. तरीही फिरकी उलट फिरवून तीस पटींवर परत यावे हे कोणाच्या हाताला पटत नाही, कारण पैसे ६० पटींचे मोजलेले असतात.

परंतु पूर्वपक्षाने एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. पक्षी खरोखर काय करतो हे दोन-चार मिनिटांच्या दर्शनात कळत नाही. तो खातो कसे, भांडतो कोणाशी, कोणाला जागा देतो आणि कोणाची बळकावतो, हे जो खूप वेळ पाहतो त्यालाच दिसते, आणि खूप वेळ पाहायला भक्तीपेक्षा बैठक जास्त लागते. मान वाकवून, एक डोळा मिटून मनुष्य फार तर पाच-सात मिनिटे टिकतो. खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहत तो दुपारच्या जेवणापर्यंत टिकतो, आणि भिगवणला जेवणात चिलापीचे कालवण असते हे लक्षात घेता ही मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे. एक डोळा मिटू न शकणाऱ्यांना, जाड चष्मेवाल्यांना, नळीपर्यंत न पोचणाऱ्या मुलांना आणि वाकू न शकणाऱ्या गुडघ्यांना रोहित पक्षी चोच उलटी करून चिखल गाळतो कसा, हे पहिल्यांदा नीट दिसले ते या पडद्यावर.

दीर्घ निरीक्षणाचा हा प्रकार सर्वाधिक फळाला आला आहे तो पाणथळीवर नव्हे, तर घराच्या गच्चीत. पुण्यासारख्या शहरातही जुन्या झाडांवर राखी धनेश दिसतो, आणि त्याचा संसार दीर्घ निरीक्षणासाठीच योजल्यासारखा आहे: मादी झाडाच्या ढोलीत शिरते, स्वतःची विष्ठा व माती वापरून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक उभी फट ठेवते, आणि पुढे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला, आणि नंतर पिलांनाही, अन्न भरवतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे तो घशात साठवून आणतो आणि एकेक वर काढून चोचीच्या टोकाने आत देतो. माणसे जवळ घुटमळली तर तो ढोलीकडे यायला कचरतो. म्हणून झाडाखाली कॅमेरे रोखून उभे राहण्यापेक्षा पलीकडच्या इमारतीच्या गच्चीतून स्कोप लावणे पक्ष्याच्या हिताचे असते, आणि स्कोपवरच्या फोनातले चित्र बिनतारी मार्गाने दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाठवले की ते घराच्याही हिताचे होते, निदान सुरुवातीला तसे वाटते.

या प्रक्षेपणात बराच वेळ काहीही घडत नाही. पडद्यावर एक खोड, त्यात एक फट, आणि फटीत काही हलले की नाही याविषयी मतभेद, एवढाच मजकूर तासभर चालू राहतो. पण रोजच्या मालिकांनी तयार केलेल्या प्रेक्षकाला याची उत्तम सवय असते आणि मध्ये जाहिराती नाहीत म्हणून तो उलट सुखावतो. नर आला की घरातील आजी त्याच्या पोक्तपणाचे कौतुक करतात, "बघा, न सांगता आणून घालतोय" हे वाक्य खोलीतल्या नेमक्या कोणाला उद्देशून आहे हे सर्वांना कळते, आणि ज्याला उद्देशून असते तो वर्तमानपत्र थोडे वर धरतो. सुनेचे लक्ष आतल्या मादीकडे असते. इतके आठवडे कोंडून घेऊन बसायचे आणि वर वाढायचे काय तर रोज उंबरच, असा तिचा मुद्दा असतो. आजोबांना लिंपणाच्या दर्जात रस. नराला यायला उशीर झाला की सगळे घर अस्वस्थ होते, आणि याच सुमारास क्रिकेटचा सामना सुरू होणार असला तर टीव्ही कोणाचा, हा वाद पेटतो. ज्याचा फोन या कामी गच्चीत अडकलेला आहे तो मुलगा या काळात जगाच्या दृष्टीने बेपत्ता असतो. त्याला आलेले फोन धनेशाच्या ढोलीवर उमटतात आणि आजी ते मोठ्याने वाचून दाखवतात.

उरला प्रश्न पुराव्याचा. जे पाहिले ते गटाला दाखवल्याशिवाय पाहणे पूर्ण होत नाही, आणि चित्रीकरणाला आवाजही असतो याचा सर्वांना विसर पडलेला असतो. वाकड्या नेत्रभिंगावर फोन जवळजवळ आडवा असल्याने वर कुठे आणि खाली कुठे याचा त्याला अंदाज येत नाही आणि काही चित्रफिती उलट्या नोंदल्या जातात. रोहिताच्या चित्रफितीत तर चिखल आभाळात, पाय आभाळाकडे आणि चरताना मुळातच उलटे असलेले डोके तेवढे सुलट, असे दृश्य मिळते. ही फीत फार मोठी म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करते, आणि पाठवताना जो पक्षी निदान पक्षी होता तो पोचेपर्यंत करड्या रंगाचा एक ठिपका होतो. पाठवणारा अशा वेळी खाली "रेकॉर्ड शॉट" असे लिहितो. चित्र वाईट आहे हे मला माहीत आहे, तेव्हा तुम्ही सांगू नका, असा या दोन शब्दांचा रूढ अर्थ आहे. ठिपका स्टिंट असावा अशी त्याची आशा असते, आणि कोणता स्टिंट ते सांगावे अशी विनंती गटातल्या जाणकार सरांना केलेली असते.

सर ती फीत तीनदा पाहतात. "डब्यात लोणचं घातलंय का?", "अहो, तुमची सावली पडतेय", "गेला!" एवढे संवाद त्यांना स्वच्छ ऐकू येतात, पक्ष्याबद्दल मात्र काहीही सांगता येत नाही, असे ते सौजन्याने कळवतात, तथापि लोणच्याच्या उल्लेखानंतर लगेच, बरीच मागे, एक टिटवी ओरडलेली आहे आणि तिच्याविषयी कोणतीही शंका नाही, असेही ते नमूद करतात. त्यानुसार गटाच्या त्या दिवशीच्या यादीत "टिटवी, एक, फक्त ऐकली" अशी भर पडते.